बिझनेस व्हिसावर जाताय? घरच्यांची फाइल आधी उघडा

व्यवसायासाठी परदेशी जायचं ठरलं तेव्हा माझा बिझनेस प्लॅन चाळीस पानांचा होता. घरच्यांची फाइल म्हणजे प्लास्टिकचं एक पाकीट होतं, त्यात नवऱ्याचा पासपोर्ट, दोन मुलांचे जन्मदाखले आणि लग्नाच्या दाखल्याची पुसट झेरॉक्स. चाळीस पानांवर कुणी एक प्रश्न विचारला नाही. पाकिटापायी मात्र अकरा आठवडे गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी पेन्सिलचं टोक आधी लग्नाच्या दाखल्यावरच्या माझ्या नावाखालून फिरवलं, मग पासपोर्टवरच्या, आणि एका अक्षरावर थांबल्या. दाखल्यावर एक ‘ए’ जास्त होता. माझा व्हिसा मंजूर झाला, नवऱ्याचा अडकला. व्यवसाय सुरू करायची तारीख माझ्या गुंतवणुकीने ठरवली नाही, त्या ‘ए’ने ठरवली.

म्हणून पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी नेहमीचा क्रम उलटा सांगते. आधी व्हिसा, मग कंपनी आणि शेवटी ‘बाकीचे येतीलच’ असं करू नका. घरातल्या प्रत्येकाच्या तारखा आणि कागद आधी मांडा आणि त्यावरून व्हिसा निवडा.

पायरी १ : आपला ‘बिझनेस व्हिसा’ नेमका कोणता, हे ठरवा

बिझनेस व्हिसा हा बोलण्यातला शब्द आहे. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे कामानिमित्त थोड्या दिवसांची भेट. मीटिंग, प्रदर्शन, करारावर सह्या, एवढ्यापुरती. अमेरिकेचा बी-१, ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर, युरोपातला शेंगेनचा शॉर्ट-स्टे, हे सगळे या जातीचे. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. या प्रकारात ‘डिपेंडंट’, म्हणजे मुख्य अर्जदाराच्या आधारावर कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा, ही सोयच नसते. बरोबर यायचं तर प्रत्येकाने आपापला पाहुण्याचा व्हिसा काढायचा, म्हणजे अमेरिकेसाठी तुमचा बी-१ आणि नवऱ्याचा किंवा बायकोचा बी-२. बी-२ वर मुलाला शाळेत घालता येत नाही.

दुसरी म्हणजे राहून व्यवसाय करायचा परवाना. अमेरिकेचे ई-२ (गुंतवणूकदारासाठी) आणि एल-१ (आपल्याच कंपनीच्या तिकडच्या शाखेत बदलीसाठी), ब्रिटनचा इनोव्हेटर फाउंडर, जपानचा बिझनेस मॅनेजर, अमिरातींचा गोल्डन व्हिसा. कुटुंबाला बरोबर नेण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. ई-२ अमेरिकेशी व्यापारी तह असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो, त्यामुळे आपला देश यादीत आहे का हे आधी पाहा. गंमत म्हणजे ही अट फक्त मुख्य अर्जदाराला लागू आहे. जोडीदाराचा किंवा मुलांचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असला तरी चालतो.

‘आधी सगळे पाहुणे म्हणून जाऊ, मग तिथेच बदलून घेऊ’ हा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून आत गेल्यावर तिथूनच फाउंडर व्हिसावर बदली करता येत नाही, बाहेर पडून अर्ज करावा लागतो. अमेरिकेत बदलाचा अर्ज करता येतो, पण विमानतळावर ‘फिरायला आलोय’ सांगून लगेच मुलांच्या शाळेची चौकशी सुरू केली तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येऊ शकतो, आणि तो ठपका पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. पोरांना घेऊन हा जुगार खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी २ : ‘कुटुंब’ म्हणजे कोण, हे त्यांच्या व्याख्येने मोजा

आपल्या मनातलं कुटुंब आणि नियमातलं कुटुंब यांत फरक असतो. बहुतेक देशांत त्याचा अर्थ कायदेशीर जोडीदार आणि अविवाहित, अवलंबून असलेली मुलं एवढाच. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. कॅनडा किमान एक वर्ष एकत्र राहिल्याचा पुरावा मागतो, ब्रिटन किमान दोन वर्षांचं नातं पाहतं. पुरावा म्हणजे दोघांच्या नावचा भाडेकरार, एकाच पत्त्यावर आलेली बिलं, एकत्र बँक खातं. फोटोंचा अल्बम शेवटी लावा, तिथे त्याला फार वजन नसतं.

खरी मेख मुलांच्या वयात आहे. अमेरिकेत डिपेंडंट मूल म्हणजे २१ वर्षांखालचं आणि अविवाहित. सिंगापूरच्या डिपेंडंट पासचीही रेषा २१ आहे. कॅनडात ती २०१७ च्या ऑक्टोबरात १९ वरून २२ वर नेली. ब्रिटनमध्ये पहिल्यांदा डिपेंडंट म्हणून अर्ज करताना मूल १८ च्या आत हवं. अमिरातींमध्ये अविवाहित मुलगा २५ वर्षांपर्यंत आणि अविवाहित मुलगी वयाच्या अटीशिवाय स्पॉन्सर करता येते.

नुसतं वय पाहून थांबू नका. ते कोणत्या दिवशी मोजतात हेही पाहा. कॅनडाच्या कायम रहिवासाच्या अर्जात साधारणपणे अर्ज पोचल्याच्या दिवशीचं वय गोठतं, नंतर फाइल दोन वर्षं पडून राहिली तरी मूल ‘मोठं’ होत नाही. अमेरिकेच्या ई-२ आणि एल-२ (एल-१ धारकाच्या कुटुंबीयांचा दर्जा) वर तसं नाही. एकविसाव्या वाढदिवसाला दर्जा संपतो, पासपोर्टवरचा शिक्का पुढच्या तारखेचा असला तरीही. त्या दिवसाच्या आत मुलाने स्वतःचा विद्यार्थी व्हिसा किंवा दुसरा काहीतरी मार्ग धरलेला असायला हवा. घरात अठरा-एकोणीस वर्षांचं मूल असेल तर ते तुमच्या व्हिसावर दोन-तीन वर्षंच राहणार आहे, हे धरूनच कॉलेजचा विचार करा.

आता एक वही घ्या आणि एका पानावर प्रत्येकाचं नाव लिहा. नावासमोर जन्मतारीख, पासपोर्ट संपायची तारीख आणि त्या देशाच्या वयोमर्यादेला पोचायची तारीख. आमच्या घरी हे पान अजून आहे. थोरल्याच्या नावासमोर लाल पेनने केलेला गोल पाहूनच आम्ही एका देशाचा नाद सोडला.

पहिल्या लग्नाचं मूल बरोबर न्यायचं असेल तर दुसऱ्या पालकाची लेखी, नोटरी केलेली संमती किंवा ताब्याचा कोर्टाचा आदेश लागतो. ब्रिटनचा नियम असा की मुलाचे दोन्ही पालक तिथे येत किंवा राहत असले पाहिजेत, नाहीतर एकाच पालकावर संपूर्ण जबाबदारी असल्याचं दाखवावं लागतं. हे काम वकिलामार्फत आधीच सुरू करा. संबंध ताणलेले असतील तर संमतीला इतर सगळ्या कागदांहून जास्त वेळ लागतो.

आईवडील जवळजवळ कुठेच ‘डिपेंडंट’मध्ये बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. सिंगापूरमध्ये महिना किमान १२,००० सिंगापूर डॉलर पगार असेल तर पालकांसाठी लाँग टर्म व्हिजिट पास मागता येतो. कॅनडाचा सुपर व्हिसा २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण त्यासाठी बोलावणारं मूल किंवा नातवंड आधी तिथलं नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं. ब्रिटनने २०१२ मध्ये वयस्क नातेवाइकांची वाट इतकी अरुंद केली की फार थोडे लोक तिच्यातून जातात. ‘वर्षभरात तुम्हालाही नेतो’ हे वचन नियम वाचल्याशिवाय आईवडिलांना देऊ नका.

आणि कुणाचंही नाव लपवू नका. ‘मोठा मुलगा येणार नाहीच, मग फॉर्ममध्ये कशाला?’ असं लोकांना वाटतं. कॅनडाच्या कायम रहिवासाच्या अर्जात न दाखवलेला आणि म्हणून तपासणी न झालेला कुटुंबीय पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना बोलावण्याच्या श्रेणीतून) आणता येत नाही. नियम ११७(९)(डी) याच कारणाने बदनाम आहे. ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच कायम व्हिसांत वैद्यकीय निकष कुटुंबातल्या एकाने पूर्ण केला नाही तर सगळ्यांचाच अर्ज फेटाळला जाऊ शकतो, बरोबर न येणाऱ्या सदस्याचीही तपासणी होते. घरात कुणाला दीर्घ आजार असेल तर पैसे गुंतवण्याआधी याविषयी जाणकार वकिलाशी बोला.

पायरी ३ : जोडीदाराला काम करता येईल का?

‘तिथे मी काय करणार?’ असं नवऱ्याने मला विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं पंधरा वर्षांचं करिअर होतं आणि माझ्या चाळीस पानांत त्यावर एक ओळ नव्हती. पहिली दोन वर्षं व्यवसाय फारसा पैसा देत नाही, तेव्हा घर जोडीदाराच्या पगारावर चालतं. त्यामुळे हा प्रश्न मानापमानाइतकाच हिशेबाचाही आहे.

नियमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून ई आणि एल व्हिसाधारकांच्या जोडीदारांना त्यांच्या दर्जाबरोबरच कामाचा हक्क मिळतो, वेगळं वर्क परमिट काढायची सक्ती नाही. प्रवेशाच्या आय-९४ नोंदीवर दर्जापुढे ‘एस’ हे अक्षर असतं, म्हणजे ई-२एस किंवा एल-२एस. ते अक्षर नसेल तर कंपनी नोकरीवर घेताना अडते. मुलांना मात्र शिकता येतं, कमावता येत नाही. ब्रिटनमध्ये फाउंडरचा जोडीदार जवळजवळ कोणतंही काम करू शकतो, व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळणं तेवढं वगळून. फ्रान्समध्ये ‘टॅलेंट’ परवानाधारकाच्या जोडीदारालाही कामाचा हक्क आहे.

उलट बाजूला सिंगापूर. मे २०२१ पासून तिथे डिपेंडंट पासवर नोकरी करायची तर मालकाने स्वतंत्र वर्क पास काढावा लागतो. जपानमध्ये कुटुंबीयाच्या दर्जावर मूळ परवानगी राहण्याची आहे. कामासाठी वेगळी मुभा मागावी लागते आणि ती आठवड्याला २८ तासांपर्यंतच मिळते. पूर्णवेळ इंजिनिअर किंवा शिक्षिका असलेल्या माणसाला याचा अर्थ स्वतःचा वेगळा व्हिसा शोधणं.

लॅपटॉपवर जुन्याच कंपनीचं काम चालू ठेवलं तर कुणाला काय कळतंय, हा युक्तिवादही कानावर येईल. अनेक देश काम कुठे बसून केलं हे पाहतात, पगार कुठल्या देशातून आला हे नाही. शिवाय करही लागू शकतो. त्यामुळे जोडीदाराच्या कंपनीलाही आधी लेखी विचारा, कारण परदेशात बसलेला कर्मचारी त्यांच्या करसल्लागाराच्या डोक्याला ताप असतो.

व्हिसा निवडताना दोन देश सारखेच वाटत असतील तर मी या एकाच मुद्द्यावर निवडीन.

पायरी ४ : कागद, आणि त्यावरचं प्रत्येक अक्षर

मुख्य अर्जाचे कागद बहुधा नवे असतात, कंपनीची नोंदणी, बँकेची पत्रं असे. कुटुंबाचे कागद वीस-पंचवीस वर्षं जुने, हाताने लिहिलेले, कुणीतरी घाईत भरलेले असतात. म्हणून सगळे दाखले टेबलावर शेजारीशेजारी मांडा आणि नावं मोठ्याने वाचा. एकाने पासपोर्ट धरायचा, दुसऱ्याने दाखला, आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर म्हणायचं. हे पोरकट वाटतं, पण डोळा सवयीचं नाव बरोबरच वाचतो आणि चूक निसटते. आमचा तो ‘ए’ वर्षानुवर्षं असाच निसटला होता.

चूक सापडली तर दोन मार्ग आहेत. जमेल तिथे मूळ दाखलाच दुरुस्त करून घ्या. वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा आणि जोडीला दोन्ही नावं असलेला एखादा जुना सरकारी कागद लावा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर बदलाची साखळी कुठे तुटू देऊ नका. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, तिन्हींतून एकच माणूस दिसला पाहिजे.

मुलांचा जन्मदाखला आई आणि वडील दोघांची नावं असलेला, पूर्ण नमुन्यातला हवा. काही ठिकाणी मिळणारा छोटा दाखला, ज्यात फक्त मुलाचं नाव आणि तारीख असते, तो नातं सिद्ध करत नाही.

मग येतं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार एका सदस्य देशाने अपॉस्टिल लावलेला सरकारी कागद दुसऱ्या सदस्य देशात सहसा खरा मानला जातो, दूतावासाच्या शिक्क्यांची माळ लागत नाही. सिंगापूर २०२१ मध्ये या करारात आलं, सौदी अरेबिया २०२२ मध्ये, चीन २०२३ मध्ये, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राने सांगितलेली पद्धत आज जुनी झालेली असू शकते. देश सदस्य नसेल तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग त्यांच्या दूतावासाचा, असा लांबचा रस्ता. अपॉस्टिल कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं, आतला मजकूर बरोबर असल्याची हमी देत नाही. चुकीच्या स्पेलिंगवर अपॉस्टिल लावलं की चुकीचंच स्पेलिंग अधिकृत होतं.

भाषांतराचा क्रम आधी विचारून घ्या. काही देशांना आधी अपॉस्टिल आणि मग अपॉस्टिलसकट सगळ्याचं भाषांतर हवं असतं. काही देश त्यांच्या यादीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच काम मानतात. क्रम चुकला की दोनदा पैसे.

पासपोर्टबद्दल थोडं. मुलांचे पासपोर्ट मोठ्यांच्यापेक्षा कमी मुदतीचे असतात आणि तेच आधी संपतात. अमेरिकेत आत येताना बऱ्याचदा पासपोर्ट जिथे संपतो तिथपर्यंतचीच मुदत आय-९४ वर पडते. म्हणजे तुम्हाला दोन वर्षं, धाकटीला सात महिने. अर्जाआधीच तिचा नवा पासपोर्ट काढणं सगळ्यात स्वस्त पडतं. पोलिस दाखला आणि वैद्यकीय तपासणीचे कागद मात्र फार लवकर काढू नका, त्यांची मुदत असते. ब्रिटनसाठीचं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं.

पायरी ५ : दाखवायचा पैसा आणि भरायचा पैसा

या दोन्हींत लोक गल्लत करतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. ब्रिटनचा इनोव्हेटर फाउंडर, नवरा-बायको आणि दोन मुलं, मुदत तीन वर्षं, २०२४ च्या दरांनी.

दाखवायचा पैसा : अर्जदारासाठी १,२७० पौंड, जोडीदारासाठी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५, दुसऱ्यासाठी २००. एकूण २,०७०. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. व्यवसायात घालायचा पैसा यात धरता येत नाही, तो वेगळा.

भरायचा पैसा : आरोग्य अधिभार मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, १८ खालच्यांना ७७६. दोन मोठे तीन वर्षं म्हणजे ६,२१०. दोन मुलं तीन वर्षं म्हणजे ४,६५६. बेरीज १०,८६६ पौंड. ही रक्कम अर्जाबरोबर एकदम जाते, आणि व्हिसाची फी प्रत्येकाची निराळी.

म्हणजे दाखवायला दोन हजार आणि भरायला जवळजवळ अकरा हजार. बिझनेस प्लॅनमध्ये हा आकडा कुणी धरत नाही आणि मग खेळत्या भांडवलाला हात लागतो. आकडे बदलत राहतात, अर्जाच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहा. पण हिशेब असाच मांडा, माणशी, वर्षाप्रमाणे.

काही देश बँकेतल्या शिलकीऐवजी पगार पाहतात. सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पासवरच्या माणसाला डिपेंडंट पाससाठी महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर ठरलेला पगार लागतो. स्वतःच्याच कंपनीत पगार कमी ठेवून नफा कंपनीतच सोडायची अनेक मालकांची सवय असते. इथे तीच कुटुंबाच्या आड येते.

पायरी ६ : सगळे बरोबर, की एकजण पुढे?

माझा सल्ला असा की अर्ज एकत्र करा, प्रवास वाटल्यास वेगळा करा. एकजण महिना-दोन महिने आधी जाऊन घर, बँक खातं, शाळा बघतो, यात शहाणपण आहे. पण ‘आधी माझा होऊ दे, मग बघू’ म्हणून अर्जच पुढे ढकलला तर काही ठिकाणी वेगळे नियम लागू होतात.

जर्मनीचं पाहा. मूल १६ वर्षांचं झालं आणि पालकांबरोबर न येता नंतर एकटं आलं, तर त्याच्याकडून सी-१ पातळीचं जर्मन मागितलं जाऊ शकतं. ही पातळी गाठायला वर्षं लागतात. काही श्रेणींच्या कुशल कामगारांच्या मुलांना सूट आहे, आपण त्या श्रेणीत आहोत का हे तपासा. जोडीदाराकडूनही सर्वसाधारणपणे ए-१ (प्राथमिक) पातळीचं जर्मन अपेक्षित असतं, त्यालाही अपवाद आहेत. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब एकत्रीकरण निर्देशानुसार सदस्य देश कुटुंब बोलावण्याआधी दोन वर्षांपर्यंत वास्तव्याची अट घालू शकतात. कोणत्या देशाने ती घातली आहे आणि व्यावसायिकांना कुठे माफ आहे, हे देशागणिक पाहावं लागतं.

कायम रहिवासाचं घड्याळही प्रत्येकाचं वेगळं चालतं. ब्रिटनने २०२३ मध्ये इनोव्हेटर फाउंडर आणला तेव्हा मुख्य अर्जदाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्य मागता येत होतं, जोडीदाराला पाच वर्षांनी. जोडीदार वर्षभर उशिरा पोचला तर त्याचं घड्याळ वर्षभर उशिराच सुरू होतं.

उलट चूकही होते. डिपेंडंटने मुख्य अर्जदाराच्या आधी विमानात बसायचं नसतं, त्याचा दर्जा तुमच्या दर्जावर टांगलेला असतो. तिकिटं काढताना बरोबर किंवा तुमच्यानंतर, एवढं पाळा.

पायरी ७ : शाळा, औषधं, आणि घरातलं चार पायांचं माणूस

शाळेचं वर्ष जपानमध्ये एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेरीस, युरोपात बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. व्हिसाची तारीख तुमच्या हातात नसते, पण अर्जाची असते. दहावी-बारावीसारख्या बोर्डाच्या वर्षात मुलाला मध्येच उचलू नका, एवढंच सांगते. लहान मुलं सहा महिन्यांत नवी भाषा बोलायला लागतात, सोळा वर्षांच्या मुलाला तीच गोष्ट जड जाते. शाळेची शेवटच्या दोन-तीन वर्षांची गुणपत्रकं, शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र आणि लसीकरणाची नोंद हातातल्या बॅगेत ठेवा, कार्गोत नको.

औषधांकडे कुणाचं लक्ष जात नाही. एकाग्रतेच्या त्रासासाठी मुलांना दिली जाणारी अँफेटामाइनची औषधं जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असली तरी आत नेता येत नाहीत. अमिरातींमध्ये कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ रासायनिक नाव आणि मात्रा लिहून घ्या. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे निरुपयोगी ठरतं.

आणि कुत्रा. त्याला व्हिसा लागत नाही, पण त्याची तयारी कधीकधी सगळ्यांत लांबते. आधी आयएसओ प्रमाणाची मायक्रोचिप, त्यानंतरच रेबीजची लस. क्रम उलटा झाला तर लस पुन्हा. युरोपीय संघाच्या यादीत नसलेल्या देशातून न्यायचं तर लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं. जपानसाठी हा काळ १८० दिवसांचा आहे. आमच्याकडे मांजर होती. तिची तारीख नवऱ्याच्या व्हिसाच्या तारखेनंतर आली, आणि त्या अकरा आठवड्यांचा फायदा झाला तो तिला.

पायरी ८ : पोचल्यावर

पत्त्याची नोंदणी लगेच करा, प्रत्येकाची. जर्मनी आणि जपान दोन्हीकडे घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांची मुदत आहे. आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून हवा, कारण सरकारी योजना असली तरी ती लागू व्हायला वेळ लागू शकतो. मिळालेलं कार्ड किंवा ऑनलाइन नोंद त्याच दिवशी वाचा, प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, दर्जा, मुदत. अमेरिकेत असाल तर जोडीदाराच्या आय-९४ वर ते ‘एस’ आहे का बघा आणि नसेल तर दुरुस्तीसाठी लगेच संपर्क साधा.

पायरी ९ : धंदा डगमगला तर

याबद्दल घरात आधीच बोला. तुमचा दर्जा गेला की त्यावर टांगलेल्या सगळ्यांचा जातो. अमेरिकेत ई आणि एल दर्जावरच्यांना नोकरी किंवा काम थांबल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, तीही दर्जाची मुदत त्याआधी संपत नसेल तर. तेवढ्यात नवा मार्ग किंवा परतीचं तिकीट. घटस्फोट झाला तर डिपेंडंट जोडीदाराचा आधारच जातो, म्हणून जोडीदाराने जमेल तेव्हा स्वतःच्या नावावरचा दर्जा मिळवावा, असं मी प्रत्येक जोडप्याला सांगते. हे ऐकताना लोक अवघडतात. अवघडू दे.

रोजची मोठी चूक मात्र यापेक्षा साधी असते, मुदतवाढीची. अमेरिकेत तुमच्या ई-२ किंवा एल-१ ची मुदत तिथल्या तिथे वाढवायला आय-१२९ हा अर्ज भरतात. त्याने जोडीदाराची आणि मुलांची मुदत वाढत नाही, त्यांच्यासाठी आय-५३९ वेगळा. शिवाय ई-२ वर दर वेळी आत येताना साधारण दोन वर्षांची नवी मुदत पडते. तुम्ही मीटिंगसाठी चारदा बाहेर जाऊन आलात आणि मुलं शाळेमुळे हललीच नाहीत, की तुमची तारीख पुढे सरकत राहते आणि त्यांची जागच्या जागी असते. वर्ष-दीड वर्षात एका घरात चार वेगळ्या तारखा होतात. वहीतल्या त्या पानावर आणखी एक रकाना आखा, दर प्रवासानंतर प्रत्येकाची नवी तारीख त्यात लिहा, आणि फोनमध्ये त्या तारखेच्या सहा महिने आधीचा गजर लावा, सगळ्यात धाकट्याचा पहिला.